सात वाजता, लाइन ओके

"हा मधला माणूस कोण, तेवढं सांगा," आप्पा म्हणाले.

मी त्यांच्या कॉम्प्युटरसमोर बसलो होतो आणि पडद्यावर इंग्रजीत एकच वाक्य पुन्हा पुन्हा येत होतं : प्रॉक्सी सर्व्हर जोडणी नाकारत आहे. 'मधला माणूस पुढे जाऊ देत नाही,' असं मी आप्पांना मराठीत सांगितलं आणि फसलो. आप्पा, म्हणजे गुरुपाद महाजन, मिरजेच्या तार ऑफिसातून निवृत्त झालेले तारमास्तर. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, खिशाला दोन पेनं, आणि समोरच्यानं अर्धवट उत्तर दिलं तर ते पूर्ण होईपर्यंत त्याच्याकडे बघत राहायची सवय.

"असं बघा," मी म्हणालो, "तुमचं पत्र थेट पोस्टात न जाता आधी एका मधल्या माणसाच्या हातात जातं, मग तो पुढे टाकतो. मोठ्या ऑफिसांत असा माणूस मुद्दाम ठेवतात. तुमच्याकडे व्हायरसनं खोटा बसवला होता. व्हायरस मी आत्ता काढला, पण त्या माणसाचा पत्ता तसाच राहिलाय. त्यामुळे पत्रं रिकाम्या घरात चालली आहेत."

"म्हणजे रिले ऑफिस बंद झालं, पण रूट बदललेला नाही."

"बरोब्बर!" मी म्हणालो. रिले ऑफिस म्हणजे आलेली तार पुढच्या गावाला पाठवणारं मधलं ऑफिस, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं आणि विचारायची लाज वाटली.

ही दोन हजार अकरा सालची गोष्ट. मी, सुहास भोकरे, तेवीस वर्षांचा होतो, स्टेशन रोडला एका गाळ्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकून बसलो होतो. डिप्लोमा अर्ध्यात सोडलेला, पण लोक इंजिनिअर म्हणायचे आणि मी कुणाची चूक काढत नव्हतो.

सेटिंगमध्ये जाऊन मी प्रॉक्सीच्या चौकोनातली बरोबरची खूण काढली. पत्ता खोडला नाही. खूण काढली की पत्ता आपोआप फिका पडतो, मग खोडत कशाला बसा! इंटरनेट धाडकन सुरू झालं.

"थांबा," आप्पा म्हणाले. त्यांनी कपाटातून एक जाडजूड रजिस्टर आणलं, पट्टीनं तांबड्या रेघा मारलेलं. "आता केलंत ते क्रमानं सांगा."

मी भराभर सांगितलं. हे उघडा, तिथे जा, इथलं बटण दाबा, या चौकोनावर एक क्लिक करा, ओके म्हणा, झालं. आप्पा वळणदार अक्षरात लिहून घेत होते. मग त्यांचे प्रश्न सुरू झाले. मोडेमचे दिवे किती असावेत? चार. हिरवे? हिरवे. रात्री बटण बंद करावं का? करा. याची रोजची काही निगा? एव्हाना माझं अर्धं लक्ष घड्याळाकडे होतं. "हो, हो," मी म्हणालो, "रोज सकाळी एकदा एवढं केलंत की कटकटच नाही."

तेवढ्यात त्यांची सून चहा घेऊन आली. राजेश्वरीवहिनी. तिचा नवरा विरुपाक्ष गुजरातेत एका कारखान्यात, तीन-चार महिन्यांनी घरी यायचा. घरात ही दोघंच.

"भाऊ, पुढच्या मंगळवारपर्यंत परत बिघडणार नाही ना?" तिनं विचारलं.

"का? मंगळवारी काय आहे?"

उत्तर आप्पांनी दिलं. पुण्याची एक कंपनी जुन्या हस्तलिखित वह्या टाइप करून घेणार होती, आणि ते काम घरबसल्या करता येणार होतं. त्यासाठी चारशे अर्ज आले होते, त्यातून वीस बायकांना बोलावलं होतं आणि त्यात राजेश्वरीचं नाव होतं. मंगळवारी अकरा वाजता इंटरनेटवरून परीक्षा. मराठी टंकलेखन तिनं याच कॉम्प्युटरवर, याच कीबोर्डवर बसवून घेतलं होतं.

"लग्नाआधी टायपिंगमध्ये जिल्ह्यात दुसरी आली होती," आप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात कौतुक होतं, ते त्यांनी लपवलं नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे झालं ते कुणी सासुरवास म्हणून वाचू नये.

"वहिनी, निर्धास्त राहा," मी म्हणालो. "पुन्हा बिघडलं तर दुकान बंद करीन."

दुसऱ्याच दिवशी, म्हणजे परीक्षेच्या आठवडाभर आधीच्या मंगळवारी, साडेदहालाच वहिनीचा फोन. तेच वाक्य आलं होतं. गेलो. चौकोनात खूण होती! मी काल या हातानं काढलेली खूण. पुन्हा काढली, तपासणीचा प्रोग्रॅम दोन तास चालवला, काही सापडलं नाही. बुधवारी परत फोन. मला जयसिंगपूरला जायचं होतं, उद्या येतो म्हणालो. गुरुवारी मी निघणार तोच पुन्हा फोन.

"भाऊ, येऊ नका. आपोआप सुरू झालं."

"आपोआप? तुम्ही काय केलंत?"

"काहीच नाही. सकाळचं आवरून दहाला बसले तर चालू!"

शुक्रवारी ते परत बंद. माझं डोकं चालेना. एक दिवसाआड येणाऱ्या हिवतापासारखा व्हायरस मी ऐकलाही नव्हता. मी दोन नवे अँटीव्हायरस टाकून पाहिले, दोन्ही म्हणाले सगळं स्वच्छ आहे. सांगलीच्या एका जाणत्या माणसाला फोन लावला, तो म्हणाला विंडोज नव्यानं टाक. पण तसं केलं तर वहिनीची मराठी अक्षरं, टंकलेखनाची सगळी जुळणी उडाली असती, आणि ती जुळवून देणारा माणूस आता कोल्हापूरला गेला होता.

शेवटी मी सीपीयू उचलून दुकानात आणला. शुक्रवार, शनिवार, रविवार तो माझ्या टेबलावर चालू ठेवला. तीन दिवस एकदाही खूण आली नाही. रविवारी संध्याकाळी मी तो विजयी मुद्रेनं महाजनांच्या घरी जोडून दिला. वहिनीनं माझ्यादेखत अर्धा तास टाइप केलं. तिची बोटं बघत राहावीत अशी चालत होती. जाताना तिनं शेंगदाण्याच्या लाडवांची पुडी दिली.

सोमवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला. नंबर महाजनांचा होता.

त्या सोमवारचं सगळं मला शब्दन् शब्द आठवतं. मी गेलो, खूण पाहिली, काढली, आणि खुर्ची मागे सरकवली. उद्या अकराला परीक्षा होती. वहिनी माझ्या मागे उभी होती, आप्पा आरामखुर्चीत.

"काय निदान?" आप्पांनी विचारलं.

मला कळत नाही, एवढं म्हणायचं होतं. तीन शब्द. पण इंजिनिअर म्हणवून घेणाऱ्याच्या तोंडून ते निघेनात.

"आप्पा, सरळ बोलू? मशीन माझ्याकडे तीन दिवस ठणठणीत होतं. या घरात आलं की बिघडतं. म्हणजे घरातलंच कुणीतरी नको ते उघडतंय. तिथून हे परत परत शिरतंय."

"नको ते म्हणजे?"

"आता मी काय सांगू! नको त्या साइट. घाण असते इंटरनेटवर."

आप्पा माझ्याकडे बघत राहिले, उत्तर पूर्ण होण्याची वाट बघत. ते पूर्णच होतं.

"घरात माणसं दोन," ते सावकाश म्हणाले. "मी तर टेस्टिंगखेरीज हात लावत नाही."

"आप्पा, मी फक्त टायपिंग करते," वहिनी म्हणाली. "आणि ह्यांना मेल. दुसरं मला येतसुद्धा नाही."

आप्पांनी उठून कॉम्प्युटरवर कापडी खोळ घातली, टेबलाचं सरकतं फळकूट आत लोटलं आणि त्याच्या कुलपाची किल्ली बंडीच्या खिशात टाकली. मी पिशवी उचलून निघालो. पायरी उतरताना ते फोनवर बोलत असल्याचं ऐकू आलं. "विरुपाक्ष, निरोप आहे. मेकॅनिकच्या मते राजेश्वरी कॉम्प्युटरवर अयोग्य गोष्टी उघडते. बिघाड त्यामुळे." एवढंच. पुढे-मागे एक शब्द नाही.

दुकानात आलो तर शेजारचा झेरॉक्सवाला शशी बेडगे आपल्या गाळ्याच्या दारातच चहा घेऊन बसलेला. "काय रं सुहास, तोंड का उतरलंय? महाजनांचं भूत गेलं का न्हाई?"

आणि मी सांगितलं. हसत हसत सांगितलं, कारण हसत सांगितलं की आपण हरलो असं वाटत नाही. "भूत कसलं, सूनबाईंचे उद्योग आहेत. नवरा तिकडे, म्हातारा झोपलेला, आणि इंटरनेट मोकळं." शशीनं मांडीवर थाप मारली. त्याच्या दुकानात तेव्हा तीन गिऱ्हाइकं होती, तीही हसली.

पाच वाजता वहिनी दुकानात आली. चालत आली होती. बसा म्हटलं तर बसली नाही.

"ह्यांचा फोन आला होता," ती म्हणाली. "ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, असं काही असेल तर सांग, मी रागावणार नाही. भाऊ, ते रागावले असते तर बरं झालं असतं."

मी स्क्रू ड्रायव्हर उगाच फिरवत राहिलो.

"तुम्ही डोळ्यांनी बघितलंत का काही? एखादं नाव, एखादं चित्र?"

"नाही. पण वहिनी, मग दुसरं कोण—"

"ते तुमचं काम. तुम्हाला सापडत नाही म्हणून ती मीच का?"

"उद्याची परीक्षा इथे द्या," मी म्हणालो, "माझ्या मशीनवर."

"तुमच्या मशीनवर माझी अक्षरं आहेत? आणि असती तरी आप्पांच्या मनात हे असताना मला ते काम नको." ती दारापर्यंत गेली आणि वळली. "उद्या सकाळी लवकर या. एकदा शेवटचं बघा. नाही सापडलं तर तसं सांगा. नाही सापडलं, एवढंच सांगा."

शशी पलीकडून मान लांब करून बघत होता.

मंगळवारी मी पावणेसातलाच पोचलो. वहिनी स्वयंपाकघरात होती, भाकरी थापल्याचा आवाज येत होता. आप्पा स्नान, लिंगपूजा आटोपून बाहेरच्या खोलीत आलेले, इस्त्रीचा सदरा, खिशाला दोन पेनं. मला पाहून त्यांनी घड्याळाकडे बघितलं.

"बसा. सात वाजता टेस्टिंग आहे, ते होऊ द्या. मग बोलू."

"कसलं टेस्टिंग?"

"लाइनचं. चौतीस वर्षं ड्यूटीवर गेल्यावर पहिलं काम ते. मिरज-सांगली, मिरज-बेळगाव, मिरज-पंढरपूर, सगळ्या लाइनी तपासायच्या, रजिस्टरला नोंद करायची, मगच पहिली तार घ्यायची. कुलूप घातलं म्हणून टेस्टिंग चुकवता येत नाही."

त्यांनी किल्ली काढली, फळकूट ओढलं, खोळ घडी करून बाजूला ठेवली. रजिस्टर उघडून चष्मा लावला. मोडेमचे दिवे बोट लावून मोजले. चार, हिरवे. मग रजिस्टरमध्ये एकेक ओळ वाचत, एकेका ओळीवर पट्टी सरकवत, ते माझ्या आठ दिवसांपूर्वीच्या शब्दांवरून चालू लागले. हे उघडा. तिथे जा. इथलं बटण दाबा.

"या चौकोनावर एक क्लिक करा," आप्पांनी वाचलं आणि क्लिक केलं.

रिकाम्या चौकोनात खूण उमटली. फिका पडलेला तो पत्ता ठळक झाला.

"ओके," आप्पा म्हणाले, बटण दाबलं, आणि तारखेसमोर लिहिलं : ७.००, लाइन ओके. खाली सही.

रिकाम्या चौकोनावर क्लिक केलं की खूण येते, खुणेवर केलं की जाते. ते मी सांगितलंच नव्हतं. मी आलो की काढायचो, दुसऱ्या दिवशी सकाळी ते घालायचे. मी आलो नाही त्या गुरुवारी त्यांच्याच हातानं ती निघाली होती. मी रजिस्टरचं पान ओढून घेतलं. मंगळवार, लाइन ओके. बुधवार, लाइन ओके. शनिवार-रविवारच्या ओळींत तांबड्या शाईनं 'यंत्र दुरुस्तीस'. सोमवार, लाइन ओके.

"आप्पा, तुम्ही रोज हे करता? आणि मग इंटरनेट उघडून बघत नाही?"

"मला इंटरनेट कशाला? मी टेस्टिंग करतो."

"पण चौकोनात खूण आली की गेली, ते?"

"ते तुम्ही सांगितलं नव्हतं." त्यांचा आवाज जरा कडक झाला. "तारेतला मजकूर आम्ही कधी वाचला नाही, भोकरे. अर्थ लावायचा नसतो. जसा आला तसा पुढे द्यायचा. तुम्ही सांगितलंत एक क्लिक, मी एक क्लिक केलं."

भाकरीचा आवाज थांबला होता. वहिनी उंबऱ्यात उभी होती, हाताला पीठ.

मला खोटं बोलता आलं असतं. व्हायरस सापडला, काढला, असं म्हणून सुटलो असतो. पण तिनं काल दुकानातून जाताना जे सांगितलं होतं ते डोक्यात होतं. मी आप्पांना सगळं सांगितलं. रोज सकाळी करा हे मीच बोललो होतो, घाईत. पत्ता खोडला नव्हता, कंटाळ्यानं. आणि नको ते उघडतंय, हे निव्वळ हवेत मारलेलं होतं.

आप्पांनी चष्मा काढला. ते वहिनीकडे बघत नव्हते. मग त्यांनी तांबडं पेन काढलं आणि सोमवारच्या नोंदीखाली काहीतरी लिहिलं. जुनी ओळ खोडली नाही.

"चुकीची तार गेली," ते म्हणाले, "तर ती परत घेता येत नाही. ज्या ऑफिसातून चूक झाली त्यानंच दुरुस्तीची तार करायची. आणि चुकीची जिथे जिथे पोचली असेल तिथे तिथे करायची." त्यांनी फोन उचलला. गुजरातेत विरुपाक्ष ड्यूटीवर निघत असणार.

"विरुपाक्ष, दुरुस्ती आहे. लिहून घे. कालच्या निरोपात चूक. 'राजेश्वरी' या शब्दाऐवजी 'मी' वाचावे. बिघाड माझ्याकडून झाला. पुढे, 'अयोग्य गोष्टी' हे शब्द गाळावेत, तसं काही नव्हतं. वाचून दाखव." पलीकडून वाचून दाखवलेलं त्यांनी डोळे मिटून ऐकलं. "बरोबर," म्हणाले आणि फोन ठेवला.

मग ते उभे राहिले आणि तीच दुरुस्ती त्यांनी वहिनीसमोर, हात खाली सोडून, शब्दही न बदलता म्हटली. वहिनीनं पदर डोळ्याला लावला तेव्हा गालाला पीठ लागलं. "आप्पा, पुरे," ती म्हणाली.

"पुरे कसं?" आप्पा माझ्याकडे वळले. "भोकरे, तुमच्याकडून हे आणखी कुठे गेलंय?"

शशीची मांडीवर पडलेली थाप मला ऐकू आली. ती तीन गिऱ्हाइकं. आप्पा माझ्याकडे बघत होते, उत्तर पूर्ण होण्याची वाट बघत. वहिनीही बघत होती.

"नाही," मी म्हणालो. "कुठेच नाही."

आप्पांनी तेही रजिस्टरला लिहिलं आणि माझी सही घेतली.

मी खूण काढली आणि पत्ताही खोडला. अकराला परीक्षा झाली. वहिनीला ते काम मिळालं आणि चांगलं चाललं, पुढे तिच्या हाताखाली सहा बायका टाइप करायला बसू लागल्या. आप्पा रोज सात वाजता टेस्टिंग करत राहिले. त्यांच्यासाठी मी नवा क्रम लिहून दिला होता, त्यात शेवटी 'उघडून बघा' असं होतं. मी आज बोलू, उद्या बोलू करत शशीकडे तो विषय काढलाच नाही. वाटलं, कुणाच्या लक्षात राहतंय!

आठ वर्षांनी शशीच्या पुतणीचं लग्न होतं. पंगतीत मी आणि शशी शेजारी शेजारी. आप्पांना जाऊन वर्ष झालं होतं. मठ्ठा वाढून झाला तसा शशीनं मला कोपरानं ढोसलं.

"मागच्या रांगेत बघ. महाजनांची सून. तीच की रं, म्हाताऱ्यानं कॉम्प्युटरला कुलूप घातलेलं. काय काय बघायची म्हणं! आमची ही अजून तिच्याकडं पोरीला टायपिंगला धाडायला तयार न्हाई."

मी वळलो नाही, पण मागचं बोलणं थांबलेलं मला कळलं. मग अगदी शांत आवाज आला. "भाऊ, आप्पांनी त्या दिवशी तुम्हाला एक प्रश्न विचारला होता. त्याखाली तुमची सही आहे."

माझ्या तोंडात घास होता, तो कसाबसा गिळला. मी ताट पुढे सारलं आणि उभा राहिलो. वाढपी थांबले.

"शशी, दुरुस्ती आहे," मी म्हणालो. आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "आठ वर्षांपूर्वी मी तुला सांगितलं त्यात चूक होती. 'महाजनांची सून' या शब्दांऐवजी 'सुहास भोकरे' वाचावं. बिघाड माझ्याकडून झाला. बाकीचं सगळं गाळावं, तसं काही नव्हतं. म्हणून दाखव."

शशीनं अडखळत म्हणून दाखवलं.

मी खाली बसलो. राजेश्वरीवहिनी उठून आमच्या समोर आली, हातात पाण्याचा पेला तसाच. तिच्या तोंडावर ना राग होता, ना समाधान.

"आता यांनी पुढे कुणाकुणाला सांगितलं, तेही विचारून घ्या," ती मला म्हणाली.

शशी आठवून बोटं मोजू लागला. डाव्या हाताची संपली, तसा त्यानं उष्टा हातही वर घेतला.